विहिणीची जड दुआ

कलिपाआपाच्या हातून आयुष्यात एकही वस्तू हरवली नव्हती. नवरा सोडला तर. आणि तोही हरवला नव्हता, वारला होता. कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, कोचकोर गावाच्या वरच्या टेकडीवर, वाऱ्याच्या बाजूला.

म्हणून धाकटी लेक मीरिम बाळंत झाल्याची खबर तिच्या सासरहून, तलासहून आली, आपा नातू बघायला निघाली, आणि थोरला मुलगा सुयून तिच्यापुढे एकेक वस्तू मांडू लागला, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हे काय, दुकान घातलंस?"

सुयून परदेशी पाहुण्यांना गाडीत घालून डोंगर दाखवायचा. ती माणसं परत जाताना आपलं सामान हलकं करत आणि सुयूनचं घर जड होत जाई. मानेत अडकवायची उशी होती. कपाळाला बांधायचा दिवा होता. फोनला जेवू घालणारी पॉवर बँक होती, तिला आपा वीट म्हणायची, कारण वाऱ्याने दार आपटायला लागलं की ती तीच दाराला लावायची.

"उशी मानेत घाल," सुयून म्हणाला, "म्हणजे गाडीत झोप लागली तरी मान लुळी पडत नाही."

"मी गाडीत झोपत नाही. ड्रायव्हर झोपतो, म्हणून मला जागं राहावं लागतं."

"बरं, मग विटेबरोबर तिची वायर ठेव, एकाच पिशवीत. वायर नसली तर वीट म्हणजे नुसती वीट."

"माझ्या आजीने अख्खं घर उंटांवर लादून घाटच्या घाट ओलांडले. तिच्याजवळ वायर नव्हती."

"त्यातला एक उंट हरवला ना, आई?"

तो उंट घराण्यात सगळ्यांना माहीत होता.

"म्हणून ही शेवटची," असं म्हणून सुयूनने वाळल्या जर्दाळूएवढी एक काळी डबी तिच्या तळहातावर ठेवली. "ही बॅगेला बांध. बॅग कुठल्या कुठे गेली तरी ही थेट आभाळातल्या उपग्रहाला विचारते आणि तुझ्या फोनवर निळा ठिपका दाखवते. ठिपका तिथे बॅग. एकदा चार्ज केली की दीड महिना बघायला नको."

आपाने डबी कानापाशी नेली, हलवली, दातांत धरून पाहिली. एवढी चाचणी झाल्यावर तिने सुयूनचं म्हणणं मान्य केलं, पण आपल्या पद्धतीने. बॅगेला बाहेर लटकवलं की चोर आधी तेच तोडणार, एवढी अक्कल परदेशी माणसाला नसली तरी तिला होती. आणि बॅग काय, दुसरी मिळते. बॅगेत हरवता कामा नये अशी एकच चीज होती, ती म्हणजे बाळाचं पहिलं झबलं.

हे झबलं आपाने स्वतःच्या डोक्यावरच्या जुन्या पांढऱ्या रुमालाचं शिवलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घ्यायचं, काठ दुमडायचा नाही, मोकळा सोडायचा. मग त्या माणसाचं आयुष्य पोराला लागतं. आपाच्या हातच्या झबल्यांना सगळ्या कोचकोरात मागणी होती. आठ पोरं जन्माला घातलेली बाई, आठही जिवंत, आठही तिला वचकून असलेली. झबल्याच्या खांद्यावर एक तिकोनी ताईत शिवायचा असतो. त्या ताईतात यंदा दुआ लिहिलेल्या कागदाबरोबर काळी डबी गेली.

प्रवास ठीक झाला. भाड्याच्या गाडीत सगळ्यांचे फोन विटेला लागले आणि कुणाचा किती वेळ हे आपा ठरवू लागली, तेव्हा सुयूनच्या वस्तूंबद्दल तिचं मत किंचित सुधारलं. मानेची उशी तिने घाटात ड्रायव्हरच्या गळ्यात घातली आणि उतरताना काढून घेतली. वायर मात्र वाटेत कराबाल्ताला उतरलेल्या कुणा बाईबरोबर गेली. ती हरवली नाही. चोरीला गेली.

तलासला मीरिमच्या सासूने दारात स्वागत केलं. ही बुरूल. उंच, कोरडी बाई, बोलताना शब्द राजम्यासारखे निवडून एकेक बाजूला काढणारी. राजमा तिच्या शेतातही होता, अंगणातही, आणि घरातल्या प्रत्येक पोत्यातही. दोघी विहिणींनी एकमेकींच्या गालाला गाल लावले, जसं दोन कुलपं एकमेकांवर आपटावीत.

बाळाचं नाव अकजोल ठेवलं होतं. प्रवासाला निघालेल्या माणसाला इकडे जे म्हणतात तेच, वाट शुभ्र असो. आपाने त्याला मांडीवर घेतलं आणि झबलं अंगात घातलं. तेवढ्यात बुरूलने खांद्यावरचा ताईत चिमटीत धरला.

"यात काय आहे, विहीणबाई? जड लागतंय."

"दुआ."

"आमच्याकडे दुआ हलकी असते. कागदावर लिहितात."

"आमच्याकडे मनापासून देतात."

मीरिमने खाली मान घालून चहा ओतला आणि पेला नको तेवढा भरला.

निघायच्या दिवशी ताईत उसवून डबी काढून घ्यायची, असं आपाने ठरवलं होतं. कात्री तिच्या हातात होती. पण त्याआधी तिला एक विचारायचं होतं, त्यासाठीच खरं तर ती आली होती. "चाळिसावा दिवस झाला की पोरीला आणि बाळाला माझ्याकडे धाडा," ती म्हणाली. "उन्हाळ्यापुरतं. कुरणावर हवा चांगली. पहिलं पोर आजोळी आणायची रीत आहे."

"बघू," बुरूल म्हणाली. "पोर लहान आहे. घाट मोठे आहेत."

'बघू' या शब्दाला आपा चांगली ओळखून होती. नाही म्हणायचं असलं की ती स्वतः जन्मभर तोच वापरत आली होती. आठातली सहा पोरं कामाधंद्याने पांगली होती, सुयून गाडीत राहायचा, आणि मीरिम ही शेवटची, शेंडेफळ, दोन घाटांपलीकडे. तिने बाळाकडे पाहिलं. बाळाने तिच्याकडे पाहिलं, किंवा तिच्या मागच्या खिडकीकडे. तिने कात्री परत पिशवीत टाकली.

घरी आल्यावर नवा नेम सुरू झाला. सकाळी गाई पिळून झाल्या की आपा हात पुसून फोन उघडायची. नकाशातलं तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण निळा ठिपका वाचता येत होता. ठिपका बुरूलच्या घरात असायचा. मधूनच जरासा हलायचा.

"हातपाय झाडतंय," ती सुनेला, सुयूनच्या बायकोला, दाखवायची.

"आई, ते उपग्रहाचं थोडं इकडेतिकडे होतं," सुयून सांगायचा.

"तू गप्प बस. त्याचे आजोबा असेच वळवळायचे."

लेकीच्या सासरी रोज फोन करणारी आई स्वस्त होते, हे आपाला माहीत होतं. म्हणून याआधी ती आठवड्यातून एकदा, तेही मीरिमचा फोन आला तरच, बोलायची. आता फोनची गरजच नव्हती. ठिपका होता. दुपारी शेजारणी चहाला आल्या की ती सहज म्हणायची, "आज बाळ पुढच्या खोलीत आहे," आणि शेजारणी एकमेकींकडे बघायच्या.

इथवर थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण ज्याला दिसतं त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"काल बाळाला एवढ्या गारठ्यात नदीकडे कशाला नेलं होतं?" तिने मीरिमला फोनवर विचारलं.

मीरिम चाट पडली. "तुला कसं कळलं?"

"आईला कळतं."

पुढच्या खेपेला आपा म्हणाली, "आणि आज सकाळभर बाळ अंगणात तारेखाली का? ऊन किती आहे."

"बाळ आत होतं, आई. तारेवर त्याचं झबलं वाळत होतं."

या उत्तरावर शहाण्या माणसाने थोडा विचार केला असता. आपाने केला नाही. तिच्या मनात ठिपका म्हणजे अकजोल, अकजोल म्हणजे ठिपका, हे आता पक्कं बसलं होतं. शिवाय 'आईला कळतं' ही गोष्ट कोचकोरभर पसरली होती आणि वरच्या आळीची एक बाई हरवलेली गाय विचारायला आली होती. आपाने तिला ओढ्याच्या खालच्या अंगाला बघायला सांगितलं. गाय तिथेच निघाली, कारण त्या बाईची गाय नेहमी तिथेच असायची.

मग एक दिवस मीरिमचा फोन आला. आवाज दबका.

"आई, आता काही दिवस फोन करू नकोस. सासूबाईंना वाटतं, मी या घरातलं तिकडे पुरवते. काल जेवताना म्हणाल्या, आपल्या घराला भिंती आहेत पण कान बाहेर आहेत. मी फोन पेटीत टाकतेय."

"मग तू सांगायचंस ना, की मी काही सांगत नाही."

"सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या आईला कोण सांगतं? मी काय सांगू?"

आपाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"आणि उन्हाळ्यात यायचं?" तिने विचारलं.

"त्याचं तर आता नावच काढू नकोस," मीरिम म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आपाने गाय पिळताना दोनदा बादली लवंडली. खरं सांगितलं तर लेकीवरचा आळ जाईल, हे तिला कळत होतं. पण खरं सांगितलं की विहिणीच्या घरात डोळा ठेवला म्हणून उन्हाळा कायमचा गेला, हेही कळत होतं. तिने तिसरा मार्ग काढला. चाळिसाव्या दिवशी तलासला जायचं, मोठी परात भरून पिठाचे फुगरे बोरसोक तळून न्यायचे, एक चांगलं बकरं न्यायचं, आणि विहिणीचं तोंड इतकं भरायचं की 'बघू' बाहेर यायला जागा उरू नये. चाळिसाव्याला अजून चार दिवस होते.

पण बुरूलच्या सासरी मुलग्याचं चाळिसावं तीन-चार दिवस आधीच उरकायची रीत होती. ही गोष्ट विहिणीला मीरिम कळवेल असं बुरूलला वाटलं, आणि सासूबाई कळवतील असं मीरिमला वाटलं, कारण तिचा फोन पेटीत होता.

त्या सकाळी आपाने हात पुसले, फोन उघडला, आणि तिच्या डोळ्यांदेखत ठिपका घरातून बाहेर पडला.

प्रथम तो अंगणात आला. मग गल्लीत. मग गल्लीतून असा सुटला की आपाला वाटलं फोन बिघडला. राजम्याच्या शेतातून आडवा गेला, वळला, पुन्हा आडवा गेला, रस्त्यावर आला, आणि टेकडीच्या दिशेने निघाला. चाळीस दिवसही न झालेलं पोर स्वतःहून इतकं पळत नाही. आपाने पोरं वाढवली होती, तिला माहीत होतं.

"सुयून," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू निघाला की सुयून धावत आला. आईला तो मोठ्या आवाजातच ओळखत होता.

मीरिमचा फोन बंद. मग आपाने जे कधी केलं नव्हतं ते केलं. बुरूलचा नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला, पण 'हॅलो' आलं नाही. नुसता गलका आला, पोरांचा, बायकांचा, आणि त्यात बुरूलचा धापा टाकणारा आवाज, "धरा त्याला. अरे धरा. टेकडीकडे पळाला." मग डुबुक असा आवाज झाला आणि सगळं शांत.

आपाने फोनकडे पाहिलं. "पाण्यात पडलं," ती म्हणाली.

सुयूनने काही विचारलं नाही. गाडी काढली. आपा होती तशी बसली, पिळायच्या वेळच्या रबरी बुटांत, आणि हाताशी आलं ते पिशवीत टाकलं, त्यात वीट, कपाळाचा दिवा आणि मानेची उशी. सुसामिर खोऱ्याच्या वाटेने निघाले. आपा ठिपक्यावरून नजर काढत नव्हती. कालवा ओलांडून, टेकडीच्या अंगाने, दोन उतारांच्या मधल्या घळीत तो शिरला, आणि थांबला. आणि मग निळ्याचा करडा झाला.

"करडा म्हणजे काय?"

सुयूनने रस्त्याकडे बघत सांगितलं, "म्हणजे उपग्रहाला डबी दिसत नाहीये. दगडाआड असेल. झाडाखाली असेल."

"किंवा?"

"किंवा काही नाही, आई."

थोड्या वेळाने दरीत फोनची रेंज गेली. नंतर आपाने बघबघून फोनच संपवला. सुयूनने पिशवीतून वीट काढली आणि एका हाताने चाचपत राहिला. "वायर कुठे आहे?"

आपाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर घोड्यांचा कळप चरत होता आणि कशाचीही घाई नव्हती. "माझ्या हातून कधी काही हरवत नाही," ती म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाली, "दुआ आहे म्हणून सांगितलं मी तिला. दुआच्या नावाखाली. खोटं बोलणाऱ्याच्या नातवाला दुआ काय लागायची."

"आई, तू असं बोलू नकोस. तू ओरड मला."

आपा बंद फोनवरच बोट फिरवत राहिली.

तलासला पोचले तेव्हा उन्हं डोंगरावर चढली होती. सुयून बुरूलच्या घराकडे वळायला लागला, तसा आपाने त्याचा दंड धरला. "घराकडे नाही. घळीकडे. मला वाट तोंडपाठ आहे." कालव्याच्या पलीकडे गाडी जाईना. आपा उतरली. घळीत आधीच सावली पडली होती, म्हणून तिने डोक्याच्या रुमालावरून कपाळाला दिवा बांधला, थंडी वाजू लागली म्हणून मानेत उशी अडकवली, आणि सुयून गाडी वळवेपर्यंत ती दगडांतून वर निघालीही. त्या वेळी तिला कुणी पाहिलं असतं तर प्रवासाच्या वस्तूंची चालती जाहिरात म्हणून फोटो काढला असता.

घळीच्या टोकाला पाण्याने पोखरलेली एक कपार होती. आत काहीतरी पांढरं होतं. आपाने झबल्याचं कापड ओळखलं, तिच्याच डोक्यावरचं. ती हातांवर रांगत आत गेली, दिवा पुढे धरला, आणि दिव्यात दोन डोळे चमकले.

कुत्रा होता. बुरूलच्या दारात दिवसभर आडवा पडलेला, पाहुणा आला तरी एकच डोळा उघडणारा मोइनोक. त्याच्या गळ्यात झबलं बांधलं होतं, झबल्याच्या पोटात खाऊची पुरचुंडी बांधली होती, आणि तो इतका थरथरत होता की ताईत हलत होता.

आपा तिथेच बसली.

चाळिसाव्या दिवशी बाळाचं पहिलं झबलं काढायचं, त्यात गोड खाऊ बांधायचा, ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं आणि आळीतल्या पोरांनी कुत्र्यामागे धावायचं. त्याला कुत्र्याचं झबलंच म्हणतात. तिने स्वतः आठ पोरांची आठ झबली आठ कुत्र्यांच्या गळ्यांत बांधली होती. आणि दिवसभर, घाटामागून घाट, तिला एकदाही आठवलं नव्हतं की ती झबल्याच्या मागे धावतेय. बाळ नव्हतंच त्या ठिपक्यात. कधीच नव्हतं. ती रोज सकाळी एका सदऱ्याशी बोलत होती.

तिने मोइनोकच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. हसू की रडू ते कुत्र्याला कळलं नाही. तिलाही नाही.

"कोण आहे तिथे?" वरून आवाज आला. "माणूस असशील तर बोल."

"माणूस नाही," आपा म्हणाली. "विहीण आहे."

काठावरून दोनचार दगड घसरले आणि मागोमाग बुरूल उतरली. घोट्यापर्यंत चिखल, एक बूट गायब, केस विस्कटलेले. शब्द निवडायची सवय अशी कुठे वाटेत पडलेली. तिने आपाच्या कपाळाकडे पाहिलं, गळ्यातल्या उशीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"तुम्ही कोचकोरला असायला हवं होतं."

"हो."

"सकाळपासून अख्खी आळी हा कुत्रा शोधतेय. पोरं दमून घरी गेली. मला सापडला नाही. आणि तुम्ही दोन घाट ओलांडून थेट याच कपारीत?"

"आईला कळतं," आपा म्हणाली, सवयीने.

"कुत्र्याचंही?"

आपाने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. बुरूल तिच्याशेजारी टेकली. "मी मुद्दाम हा निवडला," ती म्हणाली. "आळशी. दारातून दोन पावलं जाणार, पोरं धरणार, आणि झबलं मी साबिराला देणार. आमची थोरली लेक. लग्नाला किती वर्षं झाली, कूस उजवली नाही. आठ जिवंत पोरांच्या आईच्या हातचं झबलं उशाखाली ठेवलं तर... तुम्हाला माहीतच आहे काय म्हणतात ते. ती सकाळपासून दारात उभी होती. गळ्यात बांधलं मात्र, आणि या कुत्र्याच्या अंगात सैतान शिरला. असा उडाला की दोरी तोडली. मी कालव्यात पडले, फोन पडला, बूट गेला." तिने झबल्याकडे बोट दाखवलं. "तुमचं झबलं हरवलं असं तुम्हाला सांगायची वेळ आली असती. त्यापेक्षा मी इथेच राहिले असते."

तिने झबलं सोडवायला हात घातला. ताईत तिच्या मुठीत आला, आणि मुठीतून आवाज आला. टीं टीं. मोइनोक किंचाळून आपाच्या मांडीवर चढला.

बुरूलने मूठ उघडली. बंद केली. पुन्हा टीं टीं.

"विहीणबाई," ती सावकाश म्हणाली, "तुमची दुआ बोलते."

मागून सुयून धापा टाकत आला आणि न विचारता म्हणाला, "ती चार्ज संपत आल्याची सूचना आहे, काकू. सकाळपासून देत असेल. कुत्र्याच्या कानाशी."

त्याच्या आईने त्याच्याकडे दिवा वळवला, त्याला काही दिसेनासं झालं, तेव्हा कुठे तो थांबला. मग आता लपवायला काही उरलं नव्हतं. आपाने सगळं सांगितलं. सुरुवात चोरांपासून केली, मग हळूहळू खऱ्यावर आली. कात्री हातात होती, हेही. 'बघू' ऐकलं, हेही. रोज गाई पिळल्यावर काय बघत होते, हेही.

बुरूल ऐकत राहिली. आपाला वाटलं, आता ती उठेल, चालू लागेल, आणि तिच्याबरोबर उन्हाळाही जाईल.

"म्हणजे माझी सून काही सांगत नव्हती," बुरूल म्हणाली.

"एक शब्द नाही."

"मी तिला इतके दिवस तोंड वाकडं करून वाढलं. बाळंतिणीला." बुरूलने ताईत बोटांत फिरवला. "आणि ती गप्प बसून जेवली. तुमच्यावर गेली नाही ती."

"नाही. बापावर गेली."

"तुम्ही मला सरळ विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. तुम्ही बघू म्हणालात."

बुरूलने पायातला एकुलता बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि तो पुन्हा चढवला. "साबिरालाही मी अशीच उन्हाळ्यापुरती तिच्या चुलत्याकडे धाडली होती. तिथेच तिने लग्न ठरवलं, आणि मग मी वर्षातून एकदा तिला बघते. एकदा घाट ओलांडला की माणूस परत येईल तेव्हा खरं." तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. आपाने तिला हात दिला. एक बूट आणि दोन रबरी बूट अशा त्या घळ उतरल्या, मधे कुत्रा.

घरी साबिरा अजून दारातच होती. मीरिम बाळाला घेऊन तिच्यामागे. आपाने नातवाला घेतलं, त्याच्या पायाची बोटं मोजली आणि त्याला लेकीच्या हातात परत दिलं. बुरूलने दिव्याखाली बसून स्वतः ताईत उसवला, डबी काढली, दुआचा कागद आत ठेवून पुन्हा शिवला, आणि झबलं साबिराच्या ओंजळीत दिलं. साबिराने ते तोंडाला लावलं. त्याला कुत्र्याचा वास येत होता, पण कुणी काही म्हणालं नाही.

जेवताना शेपटाजवळचं मानाचं मांस बुरूलने आपाच्या पुढ्यात ठेवलं. आणि मीरिमला वाढताना तिचा हात जरा जास्त वेळ वाडग्याशी राहिला. "कुरणावर सकाळी थंडी किती असते?" तिने सहज विचारलं, आणि मीरिमने मान वर केली.

दुसऱ्या दिवशी निघताना बुरूल सुयूनला राजम्याचं पोतं द्यायला गाडीपाशी गेली. एका पोत्यासाठी ती तिथे फारच वेळ होती.

उन्हाळा आला. आपाचा लोकरीच्या नमद्याचा तंबू वरच्या कुरणावर उभा राहिला, आणि सुयूनच्या गाडीतून मीरिम उतरली, काखेत बाळ. बाळ मानेच्या उशीत बसवलं की ताठ बसायचं, अमिरासारखं. आपाने त्याला रोज अंगाशी घेऊन ओढ्यापर्यंत न्यायला सुरुवात केली.

कुरणावर फोनची रेंज नसते. एका टेकाडावर तेवढ्या दोन रेघा येतात. आपा तिथे शेणी वेचायला गेली असताना तिचा फोन खिशातच वाजला.

"विहीणबाई," बुरूलचा आवाज, निवडलेला, वाळवलेला, "काल सकाळी बाळाला एवढ्या गारठ्यात ओढ्यावर कशाला नेलं होतं?"

आपा टेकाडावर तशीच उभी राहिली. खाली तंबू दिसत होता, तंबूपुढे पाळणा दिसत होता, आणि पाळण्यावर बांधलेला बुरूलने शिवलेला नवा ताईत दिसत होता. आल्या दिवशीच तो उचलताना तिला वाटलं होतं, तलासच्या दुआच्या मानाने जड आहे.

"तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली.

"आजीला कळतं."

आपा खाली आली. तिने ताईत हातात घेऊन वजन पाहिलं. तंबूच्या सावलीत कुत्रा झोपला होता, तरुण, लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा. तिने ताईताकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे पाहिलं. हा एकदा ताईत गळ्यात घेऊन रानात सुटला की बुरूल उद्या दुपारपर्यंत इथे पोचणार होती, दोन्ही बुटांनिशी किंवा एका.

"आई," मीरिम तंबूच्या दारातून म्हणाली, "काय चाललंय तुझ्या मनात?"

"कुठे काय," आपा म्हणाली. "आपल्यातलं कुठलं बकरं चांगलं पोसलंय ते बघतेय."